चौकटीपुरतं घर

हिशेब नीट मांडला तर या व्यवहारात फोटोमास्तरांच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. एक, स्वतःचं तीन खोल्यांचं घर, हातपाय चालतील तोवर. दुसरी, लेकीचे सबंध दहा दिवस. बदल्यात द्यायचं काय, तर घर स्वच्छ ठेवायचं आणि दर रविवारी सकाळी अकराला ते फोनवर लेकीला दाखवायचं. एवढ्याशा बदल्यात एवढं मिळत असेल तर शहाण्या माणसाने खोट कुठे आहे ते आधी बघावं. पण मास्तरांनी बघितलं ते भलतंच. "दाखवायचं" हा एकच शब्द त्यांनी उचलला, आणि बाकीचं वाक्य सोडून दिलं.

न्यूमोनियाने त्यांना अठरा दिवस दवाखान्यात झोपवलं होतं, तेव्हाची गोष्ट. लेक धावत आली. ती दूरच्या शहरात, रक्त तपासायच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत बाबांनी घराचं काय केलं ते तिने पहिल्यांदाच नीट बघितलं. ओट्याखाली हात घातला, तसाच बाहेर काढून धुतला. फ्रिज उघडला, लगेच बंद केला. मग स्टुलावर बसून राहिली.

"बाबा, हे असं नाही चालायचं," ती शेवटी म्हणाली. "आमच्या इथे एक चांगलं होम आहे. ज्येष्ठांचं."

"वृद्धाश्रम म्हण की सरळ. फुप्फुस गेलंय माझं, कान शाबूत आहेत."

"मग कामाला कुणाला तरी ठेवू?"

"माझ्या घरात परकं माणूस फिरलेलं मला चालणार नाही."

माझ्या घरी चला, असं ती म्हणाली नाही. मास्तरांच्या शाबूत कानांनी हे टिपलं. विचारलं नाही, पण मनाच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवलं.

"ठीक आहे," लेक म्हणाली. "चार महिने बघते. दर रविवारी घर दाखवायचं. नीट असेल तर राहा इथेच. चार महिन्यांनी मी दहा दिवसांची रजा काढून येतेच आहे. घर नीट असेल तर राहायला येईन, नसेल तर तुम्हाला न्यायला येईन. कबूल?"

दोन्हीकडून ती येणारच होती. मास्तरांनी "कबूल" म्हणायला क्षणाचाही वेळ लावला नाही.

जायच्या दिवशी तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. वर लिहिलं होतं, 'दमलेल्या दिवशीची सोपी कामं'. चहा उकळेपर्यंत ओटा पुसायचा. उकळला की फडकं खाली ठेवायचं, मोहात पडून पुढे जायचं नाही. करपलेलं भांडं घासत बसायचं नाही, गरम पाणी आणि साबण घालून झाकून ठेवायचं, ते आपलं आपण सुटतं. सिंक घासायचं तर स्टूल ओढून बसून. अंघोळ झाली की अंग पुसलेल्या टॉवेलनेच नळ आणि आरसा पुसून बाहेर यायचं. एका दिवशी एकच कप्पा. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं नाहीच जमलं तर निदान त्यांची खुर्ची ठरलेली असावी. काहीच जमलं नाही तर अंथरूण तेवढं आवरायचं, म्हणजे दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: 'तेही नाही जमलं तर स्वतःवर रागवायचं नाही.'

ही शेवटची ओळ मास्तरांना फुकट वाटली. ते स्वतःवर कधीच रागवत नसत.

आता मास्तरांचा धंदा सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चाळीस वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. अर्जाला लावायचे फोटो, लग्नाचे, बारशाचे, सगळे. स्टुडिओत एक काळा कोट होता. गावातले निम्मे कारकून तो कोट घालून साहेबासारखे दिसले. त्या कोटाला पाठच नव्हती. पुढून रुबाब, मागून कपडे वाळत घालायचे चार चिमटे. लेक सातआठ वर्षांची असताना गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहून ते चिमटे लावायची, म्हणून मास्तर तिला चिमटी म्हणायचे. अजूनही म्हणायचे. आणि चिमटीला काही खरं सांगायचं असलं, गणितात नापास झाले, काच फुटली ती माझ्याकडून, तर ती उजेडात बोलत नसे. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली, बाबांची पाठ तिच्याकडे असताना बोलायची.

तर अशा माणसाला फोनची चौकट समजायला कितीसा वेळ लागणार? पहिल्याच रविवारी मास्तरांनी फोन टेबलावर डब्याला टेकवून उभा केला आणि त्याला काय काय दिसतं ते बघितलं. कोचाचा अर्धा भाग, घड्याळाची भिंत, तीन हात फरशी, फुलदाणी ठेवलेला कोपरा. मग स्वयंपाकघर दाखवायचं तर फोन हातात घेऊन पाच पावलं, आणि दारातून तिरका धरला की सिंक, नळ आणि ओट्याची एकच कड. त्यांनी खडू आणून फरशीवर फुल्या मारल्या, स्टुडिओत उभं राहायच्या जागेवर मारायचे तशा. फुल्यांच्या आत सोपी कामं चालायची, यादीबरहुकूम. फुल्यांच्या बाहेर काहीच चालायचं नाही. आतला पसारा उचलायचा आणि फोनच्या पाठीमागे टाकायचा, बस्स. तिथे वर्तमानपत्रं साठली, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, ताटल्या, उशा, सदरे. दमलेल्या माणसाला याहून सोपं काम जगात नाही.

हे सगळं बघणारं माणूस एकच. खाली लॉन्ड्री होती, ती चालवणाऱ्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारी कपडे न्यायला-आणायला दोन जिने चढून यायच्या. कपडे तीन-चारच असायचे. चढायला पाच मिनिटं, स्टुलावर बसून चहा प्यायला अर्धा तास.

"मास्तर," दुसऱ्याच आठवड्यात त्या फुल्यांकडे बघत म्हणाल्या, "तुमचा झाडू इथे येऊन थांबतो होय? पलीकडे जायला परवाना लागतो?"

"तिकडे गिऱ्हाईक नाही, बाई."

"पोरीला फसवताय."

"फसवत कुठे? खोटं काही दाखवत नाही. दाखवतो ते स्वच्छच आहे."

"कोटाला पाठ नव्हती ते मला ठाऊक आहे बरं का. माझ्या यजमानांनी घातला होता तुमचा कोट. घरी येऊन आठ दिवस हसत होते." बाईंनी बशीत चहा ओतला. "मला जर असा दर रविवारी कुणाचा फोन आला असता ना, मी सगळं घर चाटूनपुसून ठेवलं असतं. पण माझ्याकडे कोण बघतंय?"

यावर काही बोलायला हवं होतं. मास्तर म्हणाले, "साखर कमी आहे का?"

रविवारचे फोन छान व्हायचे. अकरा मिनिटं, कधी बारा. "वा बाबा, नळ काय चमकतोय!" "लिंबाची साल. वाया जात नाही काही." "औषधं?" "घेतो. जावई?" "दौऱ्यावर आहे." जावयाचा दौरा पहिल्या रविवारी सुरू होता आणि पंधराव्या रविवारीही सुरूच होता. एवढ्या वेळात माणूस चालत जाऊन जगाचं टोक बघून परत येतो. पण मास्तरांनी खोदून विचारलं नाही. आपण एक दार उघडायला सांगितलं, तर समोरचा आपलं दुसरं उघडायला सांगेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लेक नेहमी एकाच जागी बसायची. मागे भिंत, भिंतीवर तिच्या लग्नाचा मोठा फोटो, मास्तरांनीच काढलेला आणि मास्तरांनीच काचेत बसवलेला.

तिसरा महिना संपत आला तेव्हा मात्र मास्तरांनी एक वेडेपणा केला. आतली खोली, लेकीची, कुठल्याच फोनमध्ये येत नव्हती. तिचं दार सहा वर्षं बंद होतं; मध्ये आली तेव्हाही ती दवाखान्यात, नाहीतर कोचावरच झोपली होती. एका सकाळी ते उघडून आत गेले आणि खिडकीची एक काच पुसून आले. एकच. तेवढ्याने धाप लागली. दुसऱ्या दिवशी दुसरी काच. मग खिट्टी. मग पंख्याचं एक पातं, जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून ओढलं म्हणजे धूळ आतच पडते. एका दिवशी एकच कप्पा, यादीत लिहिलं होतं तसं. तेवीस दिवस लागले. कपाटाच्या मागे, पलंगाखाली, दाराच्या वरच्या पट्टीवर, जिथे कुणीही कधी बघत नाही तिथेसुद्धा त्यांनी फडकं फिरवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच फोटोमास्तरांनी कोटाला पाठ शिवली.

शेवटी चादर आणि दोन अभ्रे बाईंच्या हातात दिले. "कडक पाहिजे. चिमटी येतेय आता थोड्या दिवसांत."

बाईंनी खोलीत डोकावून बघितलं, चपला बाहेर काढल्या, मग आत गेल्या. टवाळी करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "मीच घालून देते पलंगावर," त्या म्हणाल्या. "कोपरे तुम्हाला जमायचे नाहीत."

चार महिने पुरे झाले तो रविवार आला. मास्तरांनी दाढी केली. फुल्यांच्या आत सगळं लख्ख होतं. लेक पडद्यावर आली, नेहमीची जागा, नेहमीची भिंत. आज जरा खाली सरकून बसली होती, पाठ टेकून.

"बाबा, खरं सांगू? माझ्यापेक्षा छान ठेवलंय तुम्ही घर. मी उगाच काळजी करत होते. तुम्ही जिंकलात, राहा तिथेच."

"मग? कधीची गाडी?"

"तेच बोलायचं होतं. सगळं इतकं व्यवस्थित आहे, तर मी... या वेळी नाही आले तर चालेल? रजा मंजूर झालीय. पण मी ती झोपून काढीन म्हणते. घरीच. फार दमलेय हो."

मास्तरांनी चार महिन्यांत हिशेब दहा वेळा मांडला होता. घर नीट असेल तर येईल, नसेल तरी येईल. घर इतकं नीट असेल की यायची गरजच उरणार नाही, ही बाजू त्यांनी मांडलीच नव्हती.

"झोप," ते म्हणाले. "झोप हवीच माणसाला."

आणि मग त्यांनी धंद्याची जुनी खोड केली. तोंड सोडून मागचं बघू लागले. लेक खाली सरकली होती, त्यामुळे लग्नाचा फोटो आज पूर्ण दिसत होता. काचेवर झळक होती. फोटोवाल्याला काचेतली झळक डोळ्यात खुपते. मास्तरांनी चष्मा वर केला आणि डोळे बारीक केले. झळकीत लेकीसमोरची खोली दिसत होती, उलटी, लहानशी. एक खुर्ची, तिच्यावर कपड्यांचा ढीग, खुर्चीच्या पाठीहून उंच. जमिनीवर खोकी, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. खिडकीच्या कठड्यावर कप. मोजले, सात. सातही एकाच रंगाचे, एकाच माणसाचे.

"चिमटे," ते म्हणाले, "फोन जरा डावीकडे फिरव बरं."

"कशाला? तिकडे काही नाही." हे ती फार पटकन म्हणाली. "चला, ठेवू? पुढच्या रविवारी बोलू."

नऊ मिनिटंच झाली होती.

मास्तर उठून फ्रिजपाशी गेले आणि तो कागद पुन्हा वाचला, सावकाश, पत्र वाचावं तसा. कपड्यांची खुर्ची ठरलेली असावी. भांडं आपलं आपण सुटतं. स्वतःवर रागवायचं नाही. इतकी बारीक यादी धडधाकट माणसाला सुचत नाही. ज्याने ओट्याला टेकून उभ्या उभ्या चहा उकळायची वाट बघितलीय, आणि फडकं उचलावं की नाही यावर दमून गेलाय, त्यालाच सुचते. कागद तिने बाबांसाठी उतरवून काढला होता. मुळात तो लिहिला होता कुणासाठी, हे मास्तरांना आज कळत होतं. माझ्या घरी चला असं ती का म्हणाली नाही, तेही त्या मनाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

त्या आठवड्यात त्यांनी फुल्यांच्या आत फडकं लावलं नाही. मंगळवारी बाई आल्या, बघून म्हणाल्या, "काय मास्तर, दुकान बंद?"

"दुकानच बंद," मास्तर म्हणाले, आणि त्यांना सगळं सांगितलं. बाईंचा चहा निवला.

"मग आता?"

"आता फोन उलटा ठेवणार."

"घर जाईल हो तुमचं. पोर दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाईल."

"जाईल."

बाईंनी निवलेला चहा एका घोटात संपवला. "जरा आधी विचार करा," एवढंच म्हणाल्या, आणि जिना उतरताना नेहमीसारखं कठड्याशी थांबून "शुक्रवारी येते" म्हणायला विसरल्या.

रविवारी अकराला मास्तरांनी डबा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला आणि फोन त्याला टेकवला. आता मास्तरांच्या मागे चार महिने होते. वर्तमानपत्रांची थप्पी, सदरे, ताटल्या, बुरसा धरलेलं एक भांडं, जे आपलं आपण सुटलं नव्हतं.

लेक आली. हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे मास्तरांच्या खांद्यावरून मागे गेले.

"बाबा, हे काय?"

"घर."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुला दाखवत होतो तो कोट."

मास्तरांना वाटलं, रागवेल. रागवली असती तर बरं झालं असतं.

"मी तुला रागवत नाहीये, आणि दाखव असंही म्हणत नाही," ते म्हणाले. "तुझ्या काचेत मागच्या रविवारी सात कप दिसले मला. एवढंच."

लेकीने मागे वळून लग्नाच्या फोटोकडे बघितलं. बराच वेळ तिची पाठच दिसत होती. मग तिचा हात पुढे आला, आणि पडदा काळा झाला. फोन ठेवला असं मास्तरांना वाटलं. पण आवाज आला.

"बाबा, आहात?"

"आहे."

"चित्र बंद केलंय. चालेल?"

"चालेल की. दिवा बंद केल्याशिवाय तू कधी बोललीस?"

त्या दिवशी अकराचे साडेबारा झाले. काळ्या पडद्यात मास्तरांना स्वतःचंच तोंड दिसत होतं, म्हणून त्यांनी फोन पालथा घातला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. जावई दौऱ्यावर नव्हता. आठ महिन्यांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच. खोकी त्याच्या सामानाची होती, न्यायला कुणी आलंच नाही. कामावरून आलं की खुर्चीपर्यंत जाता येतं, पुढे नाही. बाबांना कसं सांगणार, ते आजारी. मास्तर मध्ये मध्ये "हं" म्हणत होते. डार्करूममध्ये एवढंच म्हणायचे.

शेवटी ती म्हणाली, "होममध्ये नको. माझ्याकडे या. पण घर असं आहे."

"मला तेवीस दिवसांत एक खोली जमते," मास्तर म्हणाले. "किती खोल्या आहेत?"

ती दहा दिवसांची रजा घेऊन आली. पहिले दोन दिवस आतल्या खोलीत त्या कडक चादरीवर नुसती झोपली. उरलेल्या आठ दिवसांत बापलेकीने घर आवरलं, स्टूल ओढून, बसून, एका वेळी एक कप्पा. दोन पेट्या भरल्या. घर मात्र एकदाच खरं स्वच्छ झालं, ते सोडायच्या दिवशी. मास्तर डोळे मिटून एकदा सगळ्या खोल्यांतून फिरले. कुठेही धडकले नाहीत. नव्या घरात भिंती शिकायला किती दिवस लागतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. फुल्या त्यांनी स्वतः पुसल्या, बसून.

आता हिशेब. मास्तरांना घर मिळणार होतं, ते गेलं. दहा दिवसांच्या जागी लेक मिळाली, तिच्या सात कपांसकट. लेकीला झोप मिळणार होती. दोन दिवस मिळाली, बाकीची बाबांच्या पेट्यांत गेली. दोघांनी दिलं, दोघांनी घेतलं, तक्रार कुणाचीच नाही.

लॉन्ड्रीवाल्या बाईंना या व्यवहारात काहीच मिळणार नव्हतं, म्हणून त्यांचं नाव कुठल्याच बाजूला लिहिलेलं नव्हतं. जाताना मास्तरांनी त्यांना स्टूल दिलं आणि लेकीने ती चादर धुवायला दिली. चादर बाईंनी धुतली, कडक इस्त्री केली, घडी घालून फळीवर ठेवली. न्यायला कुणी येणार नाही हे त्यांना माहीत आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी चहाच्या वेळेला त्या लॉन्ड्रीच्या दारात, कुणी बसायला येणार असावं तसं, स्टूल मांडतात, त्याच्यावरची धूळ पुसतात, आणि स्वतः उभ्या उभ्याच चहा पितात.